शाळेला सावडीत घेतलं

माझ्या मुलीला मी महागाच्या शाळेत घातलं ते हट्टानं, आणि तिथून काढायचं ठरवलं तेही हट्टानंच. मधल्या काळात जे घडलं ते आमच्या गावात अजून मीठमिरची लावून सांगितलं जातं. म्हणून म्हटलं, दुसऱ्यांनी रंगवून सांगण्यापेक्षा आपणच एकदा सरळ सांगून टाकावं.

आमचं गाव कुरुंद्याच्या पुढं, आडरस्त्याला. घरटी हळद. शाळा वसमतच्या रस्त्यावर, इंग्रजी माध्यमाची, गुळगुळीत फरशीची, फाटकावर वॉचमन बसवलेली. तिची पिवळी बस सकाळी वेशीतल्या कडुलिंबाच्या झाडाखाली येते. गावातली मोजकी लेकरं त्यात चढतात. आमच्या गल्लीतून मात्र एकटी माझी मुलगी.

ती तिथं गेली त्यामागचं कारण लोकांना सांगितलं तर हसतात. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. गुरुजी चांगले मिळाले, पाढे पाठ झाले, अक्षर वळणदार झालं. त्या शाळेबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी आजही भांडते. पण मुलींना लघवीला जायला शाळेमागच्या पडक्या भिंतीच्या आडोशाशिवाय जागा नव्हती. आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. दुपारच्या उन्हात डोकं ठणकायचं, तरी पितळी टाकीकडं बघायचं नाही. सातवीनंतर माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली घरी बसल्या. कारण विचारलं की घरचे लग्नाचं सांगायचे, नाहीतर धाकट्या भावंडांचं. खरं कारण शाळेमागच्या त्या पडक्या भिंतीपाशी होतं. आपल्या मुलीनं तहान मारून शिकायचं नाही, एवढं मी आई होण्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं.

म्हणून शाळा बघायला गेलो तेव्हा बाकीचे पालक कंप्युटरच्या खोलीत घोळका करून उभे होते आणि मी शिपाईबाईला मुलींचं बाथरूम दाखवायला लावलं. नळाला पाणी होतं. दाराला आतून कडी होती. मी ती लावून पाहिली, काढून पाहिली. बाहेर आले आणि नवऱ्याला म्हणाले, इथंच घालायचं. तो म्हणाला, अगं वर्ग तर बघ. मी म्हटलं, वर्ग नंतर बघू.

शाळेनं दिलं नाही असं म्हणणार नाही. घरी पाहुणा आला की दाराआड लपणारी पोरगी तिसरीत स्टेजवर उभी राहून बोलली. पुस्तकांची खोली होती, आठवड्याला एक पुस्तक घरी यायचं. भिंगातून मुंगी बघून आली तेव्हा दोन दिवस आम्हाला मुंगीशिवाय दुसरं ऐकू येत नव्हतं. पण त्या शाळेची किंमतही होती, आणि मी फीबद्दल बोलत नाही. हळद विकली की पट्टीचे पैसे आधी शाळेकडं जायचे, ते आम्ही गृहीतच धरलं होतं. मला खुपायचं ते वेगळंच. मुलगी सकाळी झुंजूमुंजू असताना जायची, दिवस कलताना यायची, आणि गल्लीला पोरकी झाली. चौथीत होती तेव्हाची गोष्ट. पंचमीला पोरींनी झोका बांधला. ही नवा फ्रॉक घालून गेली आणि तशीच परत आली. त्यांचे खेळ हिला येत नव्हते, त्यांच्या भांडणामागचं जुनं भांडण हिला ठाऊक नव्हतं. "मी बघत होते," एवढंच म्हणाली. मला ते फार लागलं.

आणि तिचे हात. हळदीच्या दिवसांत गावात सगळ्यांचेच हात पिवळे असतात, कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. ही मात्र रविवारी संध्याकाळी मोरीत बसून लिंबाच्या फोडीनं बोटं घासायची, अगदी कातडी लाल होईपर्यंत. शाळेत कोणी काही म्हणतं का, असं विचारलं तर नाही म्हणून नुसती मान हलवायची. मी मनात धरून बसले की लेकीला आपली लाज वाटायला लागली. पाचवीला ती तिथंच ठेवायची की गावच्या शाळेत आणायची, हा किडा तेव्हापासून डोक्यात वळवळत होता.

आता सावडीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हळदीला माणसं लागतात आणि ऐन वेळी मजूर मिळत नाहीत, म्हणून घरं एकमेकांच्या कामाला जातात. आज तुम्ही आमच्याकडं, उद्या आम्ही तुमच्याकडं. पैसा कोणी देत नाही, कुठं लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. पाळी चुकवणाऱ्याच्या घरी पुढं लग्नाच्या पोळ्या लाटायलासुद्धा बाया नाक मुरडत जातात. दोन घरांचं बराबर झालं, की निघताना पाहुण्या बाईनं विचारायचं असतं, पुढच्या वर्षी आधी कोण? तिनं विचारलं नाही, किंवा विचारून उत्तर आलं नाही, तर सावड मोडली असं दोघींनी न बोलता समजायचं. मी यातच वाढले. माझ्या हातचं काम कोणी घेतलं, की त्याचा हात मला लागू झाला, हे माझ्या रक्तातच आहे.

त्या वर्षी थंडीत शाळेचं गॅदरिंग होतं. ज्या मातांना जमेल त्यांनी मदतीला यावं, असा निरोप मोबाइलवर आला. वसमतच्या आयांनी फुलं पाठवली, कोणी केक पाठवला. मी पदर खोचून स्वतः गेले. चौथीच्या मुलींचा शेतकरी नाच होता. भाड्यानं आणलेल्या लुगड्यांचा ढीग पडलेला आणि ती नेसवायची कशी हे तिथं कोणालाच येत नव्हतं. वर्गाची टीचर परभणीकडची, नुकतीच नोकरीला लागलेली, पोरसवदा. तोंडात पिना धरून ती निऱ्या घालायची आणि मी खोचायचे. अख्खा वर्ग आम्ही दोघींनी नेसवला. मग तोरणं बांधली, रांगोळी काढली, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्यासुद्धा एकावर एक रचल्या. जाताना प्रिन्सिपल मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुमची मदत आम्ही विसरणार नाही. मी तो शब्द पदरात बांधून घरी आणला.

फाल्गुनात आमची हळद निघाली. शिजवायचा कुकर गावात पाळीनं फिरतो. आमच्याकडं रविवारी येणार होता. काढलेली हळद खळ्यावर पडलेली, आणि ठरवलेली बायांची टोळी जास्त रोजावर शिरड शहापूरकडं निघून गेली. नवरा डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, घाबरू नका, माझी एक पाळी येणं आहे. त्यानं विचारलं, कोणाची? मी म्हटलं, शाळेची. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

मी प्रिन्सिपल मॅडमना फोन लावला. सगळी विचारपूस केली आणि मग सांगितलं, "मॅडम, रविवारी आमची हळद शिजवायची हाये. आता तुमची पाळी. चार बाया पाठवल्या तरी भागंल."

आधी त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते. मग म्हणाल्या, छान कल्पना आहे, पुढच्या वर्षी मुलांची शेतावर सहल काढता येईल. मी म्हटलं, सहल नको, माणसं पाहिजेत, आणि याच रविवारी. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. मी स्वखुशीनं आले होते, त्याबद्दल शाळा आभारी आहे, पण शाळेचा स्टाफ असल्या कामाला पाठवता येत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं, सावकाश.

फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा पोट धरून हसत होता. त्यानं ते पारावर सांगितलं आणि सकाळपर्यंत गावभर झालं. पाण्याला गेले की बाया विचारायच्या, शाळेचा ट्रॅक्टर कधी येऊन राहिला? माझी जाऊ तर हातच धुऊन मागं लागली. म्हणाली, "शाळेला सावडीत घेतलंस, आता साखर कारखान्यालाबी घेऊन टाक." मी वरवर हसले. आतून ठरवलं, बास. ज्या घराला माझं काम चालतं आणि माझ्या कामाच्या वेळी जे घर कानावर हात ठेवतं, तिथं माझी लेक नको. असल्या ठिकाणी राहून ती तरी दुसरं काय शिकणार?

दुसऱ्या दिवशी तडक गावच्या शाळेत गेले. गुरुजींना म्हटलं, जूनमध्ये पाचवीला माझी मुलगी घ्या. गुरुजी खूश झाले, पट वाढणार होता. पण माणूस सरळ. पाचवी आणि सहावी एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही मीच बघतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. इंग्रजी मला येतं तेवढं शिकवतो, म्हणाले. मी मागच्या बाजूला जाऊन आले. मुलींसाठी खोली बांधलेली होती, दारही होतं. उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणून दाराला कुलूप होतं. त्या कुलपाकडं बघत मी बराच वेळ उभी राहिले. गुरुजींनी खोटं सांगितलं असतं, कुलूप लपवलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. तरीही मी म्हटलं, घ्या नाव. पाण्याचं मी बघते, ग्रामपंचायतीच्या दारात बसते. आणि मी बसलेही असते.

संध्याकाळी खळ्यावर आम्ही गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत होतो. मुलगी बसमधून उतरून, कपडे बदलून आमच्यात येऊन बसली होती. मी तिला सांगून टाकलं की जूनपासून गावची शाळा.

तिचे हात थांबले नाहीत. "काहून?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी आपलं काम घेतलं आणि पाळी आल्यावर पाठ फिरवली, अशा लोकांत आपल्याला राहायचं नाही.

"तू फोन केलीस?"

"व्हय."

"सावडीचं बोलावणं फोनवर करतेत का? दारात जाऊन सांगावं लागते ना. तूच म्हणतेस." तिनं एक गड्डा मोडला, हळकुंडं एकीकडं टाकली, गड्डा दुसरीकडं. "आन् मॅडमला काहून बोलवलीस? मॅडम तर खुर्चीवर बसल्या होत्या. लुगडी तुझ्यासंगं टीचरनी नेसवली. मंग पाळी टीचरची ना."

गाव या पोरीच्या हातून निसटलं म्हणून मी वर्षभर झुरत होते, आणि सावडीचा कायदा ती मला शिकवत होती. मी मोठी गावची म्हणवणारी, मीच मोठं घर बघून मोठ्या बाईला फोन लावला होता. बरोबर काम करणारीला विसरून खुर्चीवरच्या बाईकडं हात पसरला होता. मला लाजही वाटली आणि तितकाच आनंदही झाला, दोन्ही एकदमच. मग म्हटलं आता निघालंच आहे तर विचारून घ्यावं. रविवारी लिंबानं हात काहून घासतेस, कोणाची लाज वाटते?

"लाज कशाची? कंप्युटरच्या बटनांना डाग पडतेत. सर वरडतेत."

शुक्रवारी सकाळी तिच्याबरोबर मीही वेशीत जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, पालकांना बसमध्ये बसता येत नाही. मी बसले. रस्त्यात ठिकठिकाणची लेकरं उचलत ती बस फिरते. किती फिरते ते मला त्या दिवशी कळलं आणि माझी लेक रोज कशी चोळामोळा होऊन घरी येते तेही कळलं. ते मी लक्षात ठेवलं. शाळेत गेल्यावर ऑफिसकडं न जाता सरळ चौथीच्या वर्गाच्या दारात गेले. उंबरा नव्हता, होता असं धरलं. टीचर बाहेर आली. मी तिला कुंकू लावलं आणि म्हटलं, "रविवारी आमच्याकडं हळद हाये. या."

तिचा चेहरा उजळला. तिच्या माहेरी कापसाला सावड असायची, हे तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा एवढंच विचारलं, "किती वाजता, ताई?"

रविवारी ती पहिल्या एसटीनं आली. जुना ड्रेस, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. बायांनी आधी तिला आपादमस्तक पाहून घेतलं, मग सरकून जागा दिली. सुरुवातीला तिची हळकुंडं मधूनच तुटायची. जेवणाच्या वेळेपर्यंत हात बसला. कुकरमधून वाफाळती हळद निघाली की ती पसरायला आमच्या बरोबरीनं धावायची. माझी मुलगी तिच्याभोवती घोटाळत होती, तिला काम दाखवत होती, आणि गल्लीतल्या पोरी टीचर बघायला म्हणून आल्या त्या मुलीबरोबर काम करत बसल्या. प्रिन्सिपल मॅडम आल्या नाहीत. मी त्यांची वाटही पाहिली नव्हती.

मी टीचरला स्पष्टच सांगितलं की मुलीला काढायचं चाललं आहे. तिनं मला शाळेची जाहिरात ऐकवली नाही. स्वतःची मुलगी असती तर या पगारात मला तिथं घालता आली नसती, म्हणाली. मग सांगितलं की चौथीच्या मुलांना विज्ञानाच्या खोलीत कोणी नेत नाही, पण माझी मुलगी एकदा विचारत आली, हळदीचा डाग साबण लावला की लाल का होतो. मोरीत हात घासताना तिनं ते पाहिलं होतं. टीचर सगळ्या वर्गाला घेऊन त्या खोलीत गेली. हळदीचं पाणी, साबण, चुना, लिंबू, सगळं मांडलं. तो तास माझ्या मुलीनं घेतला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी इकडं लाज लाज म्हणून काळजाला घोर लावून घेतला होता.

दिवस कलला. शेवटची हळद पसरून झाली. टीचरला शेवटची एसटी गाठायची होती. मी तिला जेवू घातलं, ओटी भरली, पिशवीत ज्वारी आणि ओली हळद घातली. गॅदरिंगचं काम आणि हे काम, आमचं बराबर झालं होतं. ती दोन पावलं गेली आणि वळली.

"ताई, पुढच्या वर्षी आधी कोण? तुम्ही का आम्ही?"

जावेनं माझ्याकडं पाहिलं. मुलगी हौदापाशी पाठमोरी उभी होती, तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. टीचरचं काम म्हणजे पुढचं गॅदरिंग, मुलगी पाचवीत असेल तेव्हाचं. होय म्हटलं तर मुलगी तिथंच, आणि सावडीत दिलेला शब्द मागं घेता येत नाही.

माझ्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. फी, ती फिरत फिरत जाणारी बस, पंचमीचा झोका, मॅडमचा सावकाश आवाज. यातलं काहीही नाहीसं झालं नव्हतं. पण तिथं बाथरूमच्या दाराला आतून कडी होती, आणि विज्ञानाच्या खोलीत माझ्या मुलीनं हळदीचा तास घेतला होता. बसचं भांडण मी भांडणार होते. आता शाळेचं घर सावडीतलं होतं, त्याला तोंडावर बोलायचा मला हक्क होता. झोका पुढच्या पंचमीला आमच्याच दारातल्या कडुलिंबाला बांधणार होते. गुरुजींकडंही जाणार होते, त्यांची माफी मागून. आणि त्या कुलपासाठी ग्रामपंचायतीच्या दारात बसणार होते, कारण तिथं शिकणाऱ्या पोरींनाही तहान लागते.

"आधी आमी येतो," मी म्हटलं.

टीचर हसली आणि एसटीच्या दिशेनं झपाझप चालू लागली. मागं हौदावर तांब्यातलं पाणी पडल्याचा आवाज आला. मुलगी हात धूत होती. त्या दिवशी तिनं लिंबाची फोड मागितली, आणि ती मीच चिरून दिली.